धूर आडवा आहे तोवर

आमच्याकडे कार्यक्रमाची वेळ ही पत्रिकेवर छापण्यापुरती असते. सकाळी सहा म्हणजे नऊ, नऊ म्हणजे बारा, आणि वेळेच्या आधी ‘ठीक’ असं छापलेलं असेल तर घरून जेवूनच निघावं. हे सगळ्यांनाच ठाऊक असल्यामुळे कुणाची गैरसोय होत नाही. गैरसोय झाली ती एकदाच, गेल्या फेब्रुवारीत, आणि ती सूर्यामुळे झाली. सूर्याला कुणी पत्रिका दिली नव्हती.

कार्यक्रम भीमतीर पतसंस्थेच्या वर्धापनदिनाचा होता. संस्थेचे अध्यक्ष विश्वजीत, वय पस्तिशीचं, कपडे पांढरे, गाडी त्याहून पांढरी. दरवर्षीचा ऑर्केस्ट्रा लोकांना पाठ झाला म्हणून त्यांनी या वर्षी गरम हवेचा बलून मागवला होता. केडगावच्या उत्तरेला, भीमेच्या अलीकडे मोकळं रान होतं, तिथून तो उडणार होता. बलूनवर संस्थेचं नाव होतं. रस्त्याला लावलेल्या फ्लेक्सवर अध्यक्ष, उपाध्यक्ष, संचालक, संचालकांची मुलं आणि त्यातल्या एकाचा बैल यांचे फोटो होते. बलून चालवणारीचा फोटो जागेअभावी राहिला होता.

सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. मी दौंडच्या एका कॉलेजात मराठी शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी माइक धरतो. दोन्हीकडे काम एकच: मुख्य गोष्ट येईपर्यंत लोकांना बसवून ठेवणं.

त्या दिवशीची मुख्य गोष्ट म्हणजे उद्घाटक हौसराव आप्पा. बाजार समितीचे माजी सभापती, मूळचे केंदूरचे, पण आता भीमेपलीकडे शिरूर तालुक्याच्या हद्दीत शेतातच बंगला बांधून राहतात. बंगला ते आमचं रान हे अंतर पाखराला थोडं आणि आप्पांना फार, कारण पूल लांब आहे आणि वाटेत ओळखीचे लोक पुष्कळ. आप्पा आजवर एकाही कार्यक्रमाला चुकले नाहीत आणि एकाही कार्यक्रमाला वेळेवर पोचले नाहीत. दोन्हींचा त्यांना सारखाच अभिमान आहे.

बलून चालवणार होती गौतमी. केडगावच्या बौद्ध वस्तीतल्या पोपटरावांची मुलगी. पोपटराव दौंड जंक्शनात रेल्वेत आहेत, म्हणजे रुळावरून जाणाऱ्या वस्तूंवर त्यांचा विश्वास. मुलगी बी.एस्सी. झाली, पुण्याच्या एका बलून कंपनीत कापड घडी करायच्या कामाला लागली, आणि घड्या घालता घालता तिनं पायलटच्या लेखी परीक्षा दिल्या. उड्डाणाचं शिक्षणही पुरं होत आलं होतं. राहिली होती एकच गोष्ट: टोपलीत एकटीनं उभं राहून एक उड्डाण करायचं आणि धड उतरायचं. त्याला सोलो म्हणतात. तिच्या शिक्षिका अनुपमा मॅडम त्यासाठीच आल्या होत्या. सोलो आज झाली नाही तर मॅडम उद्या राजस्थानला जाणार, बलून त्यांच्याबरोबर जाणार, आणि मग उन्हाळा. उन्हाळ्यात इकडे बलून उडत नाहीत. पुढच्या हिवाळ्यात तिच्यासाठी बलून राखून ठेवायला कुणी बसलेलं नव्हतं. कंपनीत पायलटची जागा मात्र याच महिन्यात भरायची होती.

उजाडायच्या आत आम्ही रानात होतो. थंडी कडक. मंडप घातलेला, खुर्च्या मांडलेल्या, खुर्च्यांत लोक गोधड्यांसकट बसलेले. बलून आधी मोठ्या पंख्यानं फुगवला, मग बर्नरच्या जाळानं तो उठून उभा राहिला. त्याचा दोर विश्वजीतच्या पांढऱ्या गाडीच्या पुढच्या हुकाला अडकवला होता, कारण मैदानात जड म्हणावी अशी तीच एक गोष्ट होती. टोपलीत गौतमी. पोपटराव टोपलीपासून थोडे दूर, हात मागे बांधून.

आप्पांचा पत्ता नव्हता. विश्वजीतनं मला खूण केली. चालू ठेवा.

मी संस्थेचा इतिहास सांगितला. तो लहान आहे. मग भीमेचा सांगितला. तोही संपला. लोक जांभया द्यायला लागले तेव्हा मला दुसरं काही सुचेना, म्हणून मी माइक टोपलीकडे नेला आणि गौतमीला म्हटलं, हे कसं उडतं ते जरा सांग लोकांना.

तिनं माइक घेतला, पण बलूनबद्दल बोलली नाही. ती पूर्वेकडे बघत होती. तिथं मल्हारीचं गुऱ्हाळ होतं. धुराड्यातून धूर निघत होता, सरळ वर चढत होता, आणि चार-पाच माडांएवढ्या उंचीवर गेल्यावर कुणीतरी वर पत्रा ठोकल्यासारखा अडत होता. तिथून तो आडवा पसरला होता, रानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, इस्त्री केल्यासारखा.

“तो धूर बघा,” ती म्हणाली. “तो आडवा आहे तोवर मी उडणार. तो उभा राहायला लागला की मी उडणार नाही.”

पहिल्या रांगेत रखमाजी बसले होते. गावातल्या प्रत्येक सभेत ते पहिल्या रांगेत असतात आणि प्रत्येक वक्त्याला मध्येच थांबवून विचारतात. त्यांनी विचारलं, “का गं पोरी? धुराचं आन् तुझं काय?”

मग तिनं सांगितलं. उष्णता वातावरणात कशी फिरते हे मी पूर्वी एकदा पुस्तकात वाचलं होतं आणि परीक्षेनंतर परत केलं होतं. त्या दिवशी मला ते मंडपात बसून कळलं.

ऊन हवेतून खाली येतं, ती म्हणाली, पण येताना हवेला फारसं तापवत नाही. ते थेट जमिनीवर जातं.

“म्हंजी मंत्र्याच्या गाडीगत,” रखमाजी म्हणाले. “गावातनं जाती, पर थांबत न्हाई.”

तसंच, मामा, ती म्हणाली. मग जमीन तापते, आणि जमीन हवेला तापवते. पण हवा उष्णता पुढं द्यायला फार कंजूष. त्यामुळे जमिनीला चिकटून असलेला पातळ थर तेवढा तापतो, आणि बाकीची हवा नुसती ऐकून असते की खाली काहीतरी आलंय.

मंडपात मागे कुणीतरी ठेकेदार हा शब्द उच्चारला. हशा झाला. विश्वजीत हसले नाहीत, कारण ते ठेकेदारही आहेत.

मग ती चिकटलेली हवा गरम झाली की हलकी होते, ती सांगत राहिली. काहिलीत रस तापला की तळातून बुडबुडे सुटतात, तसे रानातून हवेचे बुडबुडे सुटतात. एकेक बुडबुडा या मंडपापेक्षा मोठा. नांगरलेलं काळं रान आधी तापतं, ऊस मागाहून, नदी सगळ्यात शेवटी. म्हणून रानावर हवा वर जाते आणि नदीवर खाली येते. अशा बुडबुड्यात बलून सापडला तर तो पायलटचं ऐकत नाही. वर जायचं नसलं तरी जातो, आणि उतरताना फरफटत नेतो.

“आन् आत्ता?”

“आत्ता रात्र अजून संपली नाही, मामा. रात्रभर आभाळ मोकळं होतं. जमिनीनं सगळी उष्णता वर सोडून दिली. ती गार पडली, तिला लागलेली हवा गार पडली. गार हवा जड. ती गादीसारखी खाली अंथरून पडलीय आणि तिच्यावर गरम हवेचं पांघरूण आहे. धूर त्या पांघरुणाला जाऊन थटतो. गादी आहे तोवर सगळं शांत. ऊन वर आलं की गादी उसवणार.”

एवढं बोलून तिनं माइक मला परत दिला. मला वाटलं होतं लोक पुन्हा जांभया देतील. पण सगळ्यांनी खुर्च्या फिरवल्या. त्या मंडपात व्यासपीठाकडे पाठ करून, गुऱ्हाळाकडे तोंड करून दोनशेएक माणसं बसली. कार्यक्रमाला अध्यक्ष धूर होता.

विश्वजीत टोपलीपाशी आले. त्यांनी आवाज खाली ठेवला, पण माझ्या हातातला माइक चालू होता हे त्यांना माहीत नव्हतं आणि मला लक्षात आलं नाही.

“गौतमी, आप्पांशिवाय सोडता येणार न्हाई. माझं ऐक. थोडं थांबायचं.”

थोडं म्हणजे किती, तिनं विचारलं. विश्वजीतनं आभाळाकडे बघितलं, जणू ते उत्तर तिथं लिहिलेलं असावं. मग ते अनुपमा मॅडमकडे वळले आणि म्हणाले की मॅडम, तुम्ही मोठ्या, तुम्हीच सांगा हिला.

अनुपमा मॅडम गाडीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी हात जॅकेटच्या खिशातून काढले नाहीत. “मी आज कुणीच नाही,” त्या म्हणाल्या. “पायलट ती आहे. ती नाही म्हणाली तर नाही.”

नंतर त्यांनी मला गाडीत सांगितलं की गौतमी त्या वेळी थांबते म्हणाली असती, तर त्यांनी तिथल्या तिथं तिला खाली उतरवलं असतं. सोलोमधली निम्मी परीक्षा जमिनीवरच असते. हे अर्थात त्यांनी तिला सांगितलं नव्हतं.

विश्वजीतनं फोन लावला. लोकांना धीर यावा म्हणून मी माइक फोनजवळ धरला. सूत्रसंचालकाला हे करावं लागतं. आप्पांचा आवाज मंडपभर घुमला.

“अरे पोचतोच. पुलावर आलोय.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबायच्या आत त्याच फोनमधून, थोड्या अंतरावरून, एका बाईचा आवाज तेवढाच स्वच्छ आला.

“अहो, पाणी काढलंय. निवायच्या आत आंघोळ उरका.”

मग रखमाजींनी गोधडी तोंडाशी धरली, पण ती पुरली नाही. मंडप हसायला लागला, मागच्या रांगा आधी आणि संचालक मंडळ शेवटी. आप्पांना ते ऐकू गेलं असावं. कोण हसतंय, असं त्यांनी विचारलं. रेंज न्हाई आप्पा, असं म्हणून विश्वजीतनं फोन बंद केला. त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता, पण आम्ही सगळे दुसरीकडे बघत होतो. कारण त्याच वेळी धूर हलला.

फार नाही. पूर्वेकडची कड जरा फुगली, दुधावरची साय फुगते तशी, आणि परत बसली. सूर्य उसाच्या वर आला होता.

“विश्वजीतदादा,” गौतमी म्हणाली, “आप्पा घरीच आहेत ना?”

विश्वजीतला हा टोमणा वाटला. तो नव्हता. ती वर बघत होती. पहाटे तिनं सोडलेला एक छोटा रबरी फुगा आधी नदीच्या धारेबरोबर दौंडच्या बाजूला सरकला होता, आणि धुराच्या वर गेल्यावर त्यानं सरळ उत्तरेची वाट धरली होती. तिला ते आठवत होतं.

“मग बरंच झालं. वरचा वारा तिकडंच जातोय. फीत टोपलीला बांधा. मी आप्पांच्या दारात नेते. आप्पांनी तिथं कापायची.”

“आन् दुसरीकडंच गेला तर?”

“तर जिथं जाईल तिथं मी उतरवीन. पण थांबले तर कुठंच जाणार नाही.”

विश्वजीत हिशेबी माणूस. त्यांच्या डोळ्यांत मला दोन बातम्या दिसल्या. एक, उद्घाटकाची वाट पाहता पाहता कार्यक्रम रद्द. दुसरी, कार्यक्रमच उद्घाटकाच्या दारात. असं जिल्ह्यात कधी झालं नव्हतं. तरी त्यांचा हात गाडीच्या हुकापाशी जाईना. ज्या माणसांनी आयुष्यभर पाहुण्यांची वाट पाहिली, त्यांना दोर सोडणं सोपं जात नाही.

तेवढ्यात धूर परत फुगला. रखमाजी खुर्चीवर उभे राहिले.

“सोड रं विश्वजीत. धूर उठतोय. पोरीचा दिस जाईल.”

मग सगळेच उभे राहिले, आणि सोडा, सोडा म्हणू लागले. संस्थेच्या वार्षिक सभेत असं एकमत मी कधी पाहिलं नव्हतं. विश्वजीतनं फीत बांधली. गौतमीनं वडिलांकडे एकदा बघितलं. पोपटरावांनी हिरवी झेंडी दाखवावी तसा हात वर केला, सवयीनं. विश्वजीतनं हुकाचा दोर सोडला, बर्नर गरजला, आणि टोपलीचा तळ गवतावरून असा सुटला की कुणाला कळलंच नाही कधी सुटला.

आम्ही गाडीत बसलो. विश्वजीत चालवायला, शेजारी वॉकीटॉकी घेऊन अनुपमा मॅडम, मागे पोपटराव आणि मी. बलूनला पूल लागत नाही. आम्हाला लागत होता.

पहिल्यांदा तो चुकीच्या दिशेनं गेला. खालची गार हवा उताराला लागून नदीच्या धारेकडे वाहत होती, आणि बलून तिच्याबरोबर चालला होता, दौंडच्या बाजूला. विश्वजीत स्टिअरिंगवर हात आपटून म्हणाले की गेला, हा आता दौंडला रेल्वेच्या यार्डात उतरणार. पोपटराव दौंडच्या दिशेला बघू लागले. यार्ड त्यांच्या ओळखीचं होतं.

वॉकीटॉकी खरखरली. “खालचा वारा नदीबरोबर जातोय. वर जाते.”

बर्नरचा आवाज गाडीत ऐकू आला. बलून चढला, धुराच्या पातळीला आला, आणि तिथं थांबला. जाळ चालू होता, तरी तो चढेना. लिफ्टमध्ये माणसं जास्त झाल्यासारखा नुसता लोंबकळत राहिला, आणि खाली नदी होती.

“इथं गरम आहे,” वॉकीटॉकीतून आलं. “तो चढत नाहीये.”

पोपटरावांनी मला हळूच विचारलं की सर, वर गेलं की गार लागतं ना. मी मराठीचा माणूस. उत्तर मॅडमनी दिलं, मागे न बघता. बाहेरची हवा गार असली तरच आतल्या गरम हवेला किंमत. ती पांघरुणात शिरलीय, आता बाहेरही गरम, मग आतल्या गरमीचं कौतुक कोण करणार. मला हे लगेच पटलं. ज्या गावात घरोघरी एक अध्यक्ष आहे, तिथं अध्यक्षाला उचलून धरायला कुणी मिळत नाही.

मॅडमचा अंगठा वॉकीटॉकीच्या बटणावर होता. दाबला असता तर काय करायचं ते त्यांनी तिला सांगितलं असतं, आणि सांगितलं असतं तर ती सोलो राहिली नसती. अंगठ्याचं नख पांढरं झालं होतं.

मग बर्नर परत पेटला. या वेळी तो थांबला नाही. लांब, सलग, संपतच नाही असा. विश्वजीतनं न सांगता गाडी थांबवली आणि काच खाली केली. बलून थोडा डुलला, हलला, आणि धुराच्या वर एकदाचा डोकं काढून मोकळा झाला. वरच्या वाऱ्यानं त्याला घेतलं. तो वळला नाही, बलून वळत नाही, पण सगळं आभाळच उत्तरेला सरकावं तसा सरकला. भीमा ओलांडून, एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात, कुठलाही फाटा, कुठलाही सत्कार न घेता.

“गेली,” पोपटराव म्हणाले. एवढंच.

पुलावर आम्ही उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलो. दोन ट्रॉल्या, मोठ्यानं लावलेलं गाणं, आणि साइड द्यायची इच्छा नाही. विश्वजीतनं हॉर्न वाजवून पाहिला, मग अध्यक्ष असल्याचं सांगून पाहिलं. ड्रायव्हर म्हणाला, तोही अध्यक्षच आहे, उसाचा. पण पुलावरून पलीकडचं सगळं दिसत होतं. आप्पांचा बंगला, त्याची लाल पाण्याची टाकी, बंगल्याच्या अलीकडे मोठं काळं नांगरलेलं रान, आणि पलीकडे लसूणघासाचा हिरवा तुकडा, पातळसा, रुमालाएवढा.

बलून उतरायला लागला होता, पण खालच्या गार हवेत येताच तोही अडला. आतल्या गरमीला परत किंमत आली होती. गौतमी वरची झडप थोडी उघडत होती, मिटत होती, परत उघडत होती. पायरी पायरीनं तो खाली येत होता. ऊन आता आमच्या बोनेटवर चटके देऊ लागलं होतं.

त्या काळ्या रानाकडे बघून विश्वजीत म्हणाले की बेस झालं, मैदानच आहे, तिथंच टेकवायचं की. कुणीही तेच म्हटलं असतं. एवढं मोठं, एवढं मोकळं, तार नाही, झाड नाही. अनुपमा मॅडम पुढे वाकल्या. त्या स्वतःशीच बोलत होत्या, ते रान घेऊ नकोस, ते तापलंय. पण अंगठा बटणावर नुसता टेकलेलाच राहिला.

वॉकीटॉकी खरखरली.

“नांगरट टाळते. घास घेते.”

मॅडमनी वॉकीटॉकी डॅशबोर्डवर ठेवून दिला. गाडीत बसल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या हातात काही नव्हतं.

काळ्या रानावर आल्यावर बलूननं एक उसळी घेतली, पाठीत कुणीतरी ढकलल्यासारखी. विश्वजीतच्या तोंडातून शिवी गेली. पण गौतमी त्या उसळीची वाटच बघत असावी, कारण तिनं काहीच घाई केली नाही. उसळी ओसरू दिली, रान मागं पडू दिलं, आणि हिरव्या ओल्या घासावर आल्याबरोबर झडप उघडली. तिथली हवा अजून पहाटेतच होती. बलून बंगल्यापलीकडच्या झाडांच्या ओळीआड गेला.

मग काहीच नाही. ट्रॅक्टरवरचं गाणं संपलं आणि दुसरं सुरू झालं. पोपटरावांनी माझा हात धरला होता, ते मला नंतर दुखल्यावर कळलं.

“उतरले,” वॉकीटॉकी म्हणाला. थोड्या वेळानं परत: “आप्पा घरी आहेत.”

आम्ही पोचलो तेव्हा घासात हे दृश्य होतं. टोपली सरळ उभी. बलूनचं कापड आडवं पडलेलं, अजून निम्मं फुगलेलं. गौतमी एका हातानं दोर धरून उभी. घास कापायला आलेल्या बाया गोल करून उभ्या. आणि मध्यभागी हौसराव आप्पा, बंडी, टॉवेल, कपाळाला गंध, हातात घास कापायचा विळा. फीत कापून झालेली होती. अर्धी त्यांच्या खांद्यावर होती.

विश्वजीत हात जोडून पुढे झाले. आप्पांनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

“किती वाट बघायची माणसानं तुमची?” आप्पा म्हणाले. “कार्यक्रमाला टायमावर यायची पद्धत हाय का न्हाई तुमच्यात?”

विश्वजीतनं पुलावर ट्रॅक्टर होता असं सांगितलं. आप्पांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, पण त्यावर त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही. पुलावर असण्याचा त्यांना जास्त अनुभव होता. अनसाबाई, म्हणजे आप्पांच्या पत्नी, ओट्यावर उभ्या होत्या. त्या पदराआड हसल्या नाहीत, उघड हसल्या.

मग आप्पा पोपटरावांकडे वळले.

“पोरगी तुमची?”

वस्तीतल्या माणसाला आप्पा ‘तुमची’ म्हणाले. मराठी शिकवणाऱ्याच्या कानाला असले बदल लगेच कळतात. पोपटरावांच्याही कानाला कळला असणार. त्यांनी मान ताठ ठेवली आणि म्हणाले, “व्हय. माझी.”

अनुपमा मॅडम मात्र थेट टोपलीपाशी गेल्या. त्यांनी आधी सिलिंडर बघितले, गॅस किती उरला ते बघितलं, कापडावर हात फिरवून कुठं फाटलंय का ते बघितलं, टोपली फरफटल्याची खूण शोधली. घासात खूण नव्हती. टोपली जिथं टेकली होती तिथंच होती, टेबलावर ठेवलेल्या तांब्यासारखी. गौतमी त्यांच्याकडे बघत होती आणि दोर सोडत नव्हती.

“वर अडकलीस तेव्हा काय विचार केलास?” मॅडमनी विचारलं.

“की हे पुस्तकात आहे, मॅडम.”

“आणि?”

“आणि पुस्तकात एवढी भीती वाटत नाही.”

मॅडमनी हात पुढे केला. “झाली तुझी सोलो. अभिनंदन, पायलट.”

बायांनी टाळ्या वाजवल्या, आप्पांनीही वाजवल्या, विळ्यासकट. पोपटरावांनी टोपी काढली, परत घातली, मग परत काढली. तिच्यापाशी जाऊन त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात तिथंच ठेवून उभे राहिले.

मग मॅडमनी अनसाबाईंकडे एक बादली पाणी मागितलं. आमच्यात पहिल्या सोलोनंतर पायलटला भिजवतात, अशी रीत आहे, त्या म्हणाल्या. अनसाबाईंना हे पटलं नाही. एवढ्या थंडीत लेकराला भिजवणारे कसले शिकलेले, असं त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. तरी विहिरीचं पाणी आलं. बादली कुणाच्या हातात द्यायची हा प्रश्न उभा राहिला, आणि अशा प्रश्नांचं उत्तर आमच्याकडे ठरलेलं आहे. आप्पा पुढे झाले. त्यांनी टॉवेल सावरला, घसा साफ केला, आणि माइकसाठी माझ्याकडे बघितलं.

माइक नदीपलीकडे राहिला होता.

आप्पांनी थोडा विचार केला. मग बादली उचलली आणि एकही शब्द न बोलता तिच्या डोक्यावर रिकामी केली. त्यांच्या कारकिर्दीतलं भाषणाशिवायचं हे पहिलंच उद्घाटन असावं, आणि माझ्या मते सर्वांत चांगलं.

गौतमी पाण्यातून बाहेर आली ती हसत. दात वाजत होते, केस डोळ्यांवर आलेले. तिनं तोंड पुसलं, सूर्याकडे बघितलं, आणि मग आमच्याकडे, म्हणजे एक माजी सभापती, एक अध्यक्ष, एक प्राध्यापक आणि दोन तालुक्यांतली बाकीची माणसं.

“आता सगळ्यांनी कापडावर आडवं पडून हवा काढायची,” ती म्हणाली. “वरच्या टोकाकडं सरकत. आप्पा, तुम्ही मधे या. विश्वजीतदादा, तुम्ही तिकडनं. लवकर, वारं सुटायच्या आत.”

आप्पा मधे आले. विश्वजीत पांढऱ्या कपड्यांनिशी तिकडनं पडले.